मोंमार्त्र मागच्या बाजूने चढा: चित्रकारांची टेकडी आणि तिथलं साधं फ्रेंच जेवण

पॅरिसला कुणी ओळखीचं यायचं ठरलं की मेसेज येतोच, मोंमार्त्रला कसं जायचं आणि तिथे खायचं काय. आणि परत गेल्यावर दुसरा मेसेज येतो की गर्दी फार होती, एका पोराने मनगटाला दोरा बांधून पैसे मागितले, जेवण महाग आणि बेचव निघालं, चर्च मात्र छान आहे. मला दर वेळी मनापासून वाईट वाटतं. गेली सात वर्षं मी या टेकडीवर जातेय, थंडीत, पावसात, कामावरून सुटल्यावर सुद्धा, आणि माझ्यासाठी पॅरिसमधली सगळ्यात जवळची जागा हीच आहे. बहुतेक लोक चुकीच्या बाजूने, चुकीच्या वेळेला चढतात, एवढाच सगळा घोळ आहे. मागच्या सप्टेंबरात नाशिकहून आई-बाबा आले होते, त्यांना मी ज्या क्रमाने फिरवलं तोच क्रम इथे लिहितेय. बाबांचे गुडघे दुखतात, आई शुद्ध शाकाहारी (अंडं चालतं, तेही परदेशात आल्यावर), त्यामुळे बऱ्याच जणांना हा क्रम उपयोगी पडेल असं वाटतं.

चित्रकार इथेच का आले

हे आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं जास्त आवडेल.

मोंमार्त्र १८६० पर्यंत पॅरिस शहरात नव्हतंच. शहराच्या वेशीवर आपल्याकडे होती तशी जकात होती, वाइन आत आली की कर लागायचा, आणि ही टेकडी वेशीबाहेर, म्हणून तिथे वाइन स्वस्त. मग सुट्टीच्या दिवशी कामगार मंडळी टेकडीवर प्यायला, नाचायला जायची. पुढे गाव शहरात घेतलं तरी चढण काही कमी झाली नाही, आणि टेकडीच्या पोटात जिप्समच्या खाणी होत्या (प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव पॅरिसजवळच्या अशाच खाणींवरून पडलं), जमीन आतून पोखरलेली. साक्रे-कर चर्च बांधताना पायासाठी ८३ विहिरी खणून त्या दगड-काँक्रीटने भराव्या लागल्या, त्यावरून अंदाज येईल. म्हणजे जागा गैरसोयीची, भाडी कमी, वाइन स्वस्त, आणि वर उजेड भरपूर. ज्याच्या खिशात पैसे नाहीत पण चित्र काढायचंय त्याला आणखी काय हवं?

आणि जेवणाचंही तसंच आहे. फ्रेंच जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढरी प्लेट, मधोमध चमचाभर काहीतरी आणि बाजूला सॉसचे थेंब येतात. या टेकडीवर जे पदार्थ शोधायचे ते तसले नाहीत. कांदा, शिळा पाव, अंडी, बटाटे, चिवट मांस जे तीन तास शिजवल्याशिवाय खाता येत नाही, असं हे साध्या माणसांचं जेवण. चित्रकारांची खोली बघितली आणि मग हे जेवलं की दोन्ही नीट कळतात, म्हणून मी दोन्ही एकाच दिवशी करायला सांगते.

निघण्याआधी

वार निवडा. मंगळवार ते शुक्रवार सगळ्यात बरे. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि सोमवारी बरीच छोटी दुकानं, बेकऱ्या, चीजची दुकानं बंद असतात, मग अर्धी मजा जाते.

वेळ सकाळी आठ. मला माहितेय सुट्टीवर कुणाला लवकर उठायचं नसतं, पण दहानंतर टूर ग्रुप यायला लागतात आणि आठ वाजता ही टेकडी खरंच एखाद्या गावासारखी असते, शाळेत जाणारी मुलं, कुत्र्याला फिरवणारे आजोबा, बेकरीसमोर चार माणसं.

बूट साधे, सपाट, मऊ सोलचे. रस्ते दगडी आहेत, पाऊस पडला की घसरतात. मेट्रोसाठी नाव्हिगो ईझी नावाचं प्लास्टिक कार्ड घ्या आणि त्यात तिकिटं भरा, प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आणि पाकीट, फोन मागच्या खिशात ठेवू नका.

चढायचं कुठून

नेहमी सांगितलं जातं आँव्हेर स्टेशनला उतरा. मी सांगते नका उतरू, निदान सकाळी तरी. आँव्हेरहून वर जाणारी गल्ली म्हणजे फ्रिजवर लावायची मॅग्नेटं, टी-शर्ट, आणि पायऱ्यांच्या तळाशी ती दोरेवाली पोरं. त्यांच्याबद्दल एकच नियम, हात खिशात, नजर समोर, "नों मेर्सी" म्हणायचं आणि थांबायचं नाही. दोरा एकदा बोटाला बांधला की सुटका अवघड होते. कागदावर सह्या मागणाऱ्या मुली आणि तीन वाट्यांचा खेळ मांडणारे, सगळे त्याच प्रकारातले.

त्यापेक्षा मेट्रो लाइन १२ घ्या आणि लामार्क-कोलँकूर स्टेशनला उतरा. स्टेशन खोल आहे, लिफ्टने वर या. बाहेर पडलात की दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आणि त्यांच्या मधोमध स्टेशनचं दार, मला पॅरिसमधल्या मेट्रोच्या दारांत हे सगळ्यात आवडतं. ही टेकडीची उत्तर बाजू, इथे लोक खरंच राहतात.

गुडघ्यांचा त्रास असेल तर ४० नंबरची छोटी बस टेकडीवर गोल फिरते, मेट्रोचंच कार्ड चालतं. नाहीतर पुढच्या बाजूने फ्युनिक्युलर आहे, म्हणजे रुळांवरून तिरकी वर जाणारी गाडी, १९०० साली सुरू झालेली, तिलाही तेच कार्ड. तिच्या शेजारच्या पायऱ्या २२२. बाबांना आम्ही बसने वर नेलं आणि सगळं उतारावरून बघितलं, काही बिघडलं नाही.

नाश्ता बेकरीत, उभ्या उभ्या

रू कोलँकूरवर बेकऱ्या आहेत, कुठल्याही "बुलांजरी" लिहिलेल्या दुकानात शिरा. हा शब्द फ्रान्समध्ये कायद्याने राखलेला आहे, जो जागेवर पीठ मळून पाव भाजतो त्यालाच ती पाटी लावता येते, फ्रोझन पाव गरम करून विकणाऱ्याला नाही. आत गेल्यावर पहिलं "बोंजूर" म्हणायचं. हे खरंच महत्त्वाचं आहे हो. पॅरिसची माणसं उद्धट असतात असं जे आपण ऐकतो त्यातलं निम्मं तरी या एका शब्दावाचून घडतं. इथे बोंजूर न म्हणता थेट "वन क्रुआसाँ" म्हणणं म्हणजे आपल्याकडे कुणाच्या घरात चपला घालून आत शिरण्यासारखं आहे.

क्रुआसाँ मागताना "ओ बर" म्हणा, म्हणजे लोण्याचा. बऱ्याच ठिकाणी लोण्याचा सरळ असतो आणि मार्गारिनचा चंद्रकोरीसारखा वळलेला, जो आपण चित्रात बघतो तो बहुतेक स्वस्तातला निघतो. पाव घ्यायचा तर नुसता "बागेत" (काठीसारखा लांब फ्रेंच पाव) नको, "उन त्रादिस्यों" मागा. १९९३ च्या नियमाने या पावात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच घालता येतं, प्रिझर्व्हेटिव्ह वगैरे काही नाही, म्हणून तो चार-सहा तासांतच खायचा. शाकाहारीच काय, दूध-अंडं न खाणाऱ्यांनाही हा पाव बिनघोर चालतो. शहरात दरवर्षी सगळ्यात चांगल्या बागेतची स्पर्धा होते, जिंकणारा बेकर वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या घरी पाव पुरवतो, आणि रू दे आबेसवरच्या ३८ नंबरच्या ल ग्रेनिए आ पँ बेकरीने ती २०१० आणि २०१५ अशी दोनदा जिंकलीय. ती टेकडीच्या दुसऱ्या उतारावर आहे, दुपारी तिथे पोचालच, दिवसाच्या शेवटी तिथला पाव घरी न्यायचा.

कॉफी टेबलावर बसून महाग आणि काउंटरशी उभं राहून स्वस्त, भाव बहुतेक ठिकाणी वेगळेच लिहिलेले असतात. "अँ काफे" म्हटलं की छोटा एस्प्रेसो येतो. दूध हवं तर "काफे क्रेम".

ससा, द्राक्षं आणि गुलाबी घर

आता रू दे सोलच्या पायऱ्या चढा. उजवीकडे कोपऱ्यावर झाडामागे एक बुटकं घर दिसेल, लापँ आजिल हे जुनं कॅबरे. इथे चित्रकार आंद्रे जिलने पातेल्यातून उडी मारून पळणाऱ्या सशाची पाटी रंगवली होती, लोक त्याला "जिलचा ससा" म्हणायला लागले आणि फ्रेंचमध्ये उच्चार सारखाच असल्याने त्याचं "चपळ ससा" झालं. पिकासो, मोदिलिआनी, उत्रिलो हे सगळे चित्रकार इथे बसायचे. पिकासोने १९०५ मध्ये या जागेचं चित्र काढलं, स्वतःला विदूषकाच्या कपड्यात दाखवून, ते चित्र बरीच वर्षं इथेच भिंतीवर होतं, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. इथलीच आणखी एक गोष्ट बाबांना फार आवडली. १९१० मध्ये लेखक रोलां दोर्जलेस आणि त्याच्या मित्रांनी इथल्या मालकाच्या गाढवाच्या शेपटीला रंगाचा ब्रश बांधला, गाढवाने कॅनव्हासवर रंग फासले, आणि ते चित्र बोरोनाली नावाच्या इटालियन चित्रकाराचं म्हणून खऱ्या प्रदर्शनात लावलं गेलं. रात्री इथे अजून जुनी फ्रेंच गाणी म्हणतात.

समोर उतारावर द्राक्षांचा मळा, हो, पॅरिस शहरात. १९३३ मध्ये लावला, कारण त्या जागेवर इमारत बांधायचा घाट होता आणि इथल्या लोकांनी विरोध केला. ऑक्टोबरात द्राक्षतोडणीची जत्रा भरते, तेव्हा येत असाल तर तारीख बघून या. नाशिककर आईने कुंपणातून वेली नीट निरखून बघितल्या आणि मांडव का नाही केला म्हणून विचारलं. वाइनची द्राक्षं आहेत, तारेवरच वाढवतात, असं सांगितल्यावर तिचं समाधान झालं.

थोडं वर गुलाबी घर, ला मेझों रोझ, उत्रिलोने चित्रात आणलं आणि प्रसिद्ध झालं. फोटोला रांग असते पण साडेआठला नसते. तिथून रू द लाब्रव्वारने खाली पन्नास-साठ पावलं जा आणि मागे वळून बघा, वळणदार गल्ली, वेलींनी झाकलेल्या भिंती आणि वर साक्रे-करचा पांढरा घुमट. मोंमार्त्रचा एकच फोटो काढायचा असेल तर तो इथून.

साक्रे-कर

नऊच्या सुमारास चर्चला पोचा. आत जायला पैसे नाहीत, फोटो काढायला बंदी आहे, बोलायचं नाही. १८८५ पासून इथे दिवसरात्र, अखंड प्रार्थना चालू आहे, आपल्याकडच्या अखंड वीण्यासारखं, कुणी ना कुणी सतत बसलेलं असतं, म्हणून आत गेल्यावर दहा मिनिटं तरी शांत बसा. घुमटावर जायला वेगळं तिकीट आणि जवळपास ३०० पायऱ्या, लिफ्ट नाही. गुडघे ठीक असतील तर जा, नसतील तर बाहेरच्या कठड्यावरून पॅरिस दिसतंच की.

बांधकाम १८७५ मध्ये सुरू झालं, १९१४ ला पूर्ण, आणि महायुद्धामुळे अभिषेक १९१९ मध्ये. पण याच टेकडीवर त्याआधी काय झालं ते माहीत असावं. १८ मार्च १८७१ ला सरकारी सैन्य इथल्या तोफा न्यायला आलं, बायका-माणसं आडवी आली, सैनिकांनी गर्दीवर गोळी झाडायला नकार दिला, आणि तिथून पॅरिस कम्यूनचा उठाव सुरू झाला, जो मे महिन्यात अतिशय रक्तरंजित पद्धतीने मोडला गेला. त्यानंतर हे चर्च इथे उभं राहिलं म्हणून आजही बऱ्याच पॅरिसकरांच्या मनात त्याबद्दल राग आहे. चर्चच्या पायथ्याशी जी हिरवळ आहे तिला कम्यूनमध्ये लढलेल्या शिक्षिकेचं, लुईझ मिशेलचं नाव दिलंय. दोन्ही बाजू एकाच उतारावर, वर चर्च आणि खाली ती.

प्लास द्यु तेर्त्र: बघा, पण जेवू नका

चर्चच्या बाजूलाच चित्रकारांचा चौक. इथे बसणाऱ्या चित्रकारांना महापालिकेचा परवाना लागतो आणि प्रत्येकाला साधारण एक चौरस मीटर जागा मिळते. पोर्ट्रेट काढून घ्यायचं असेल तर आधी किंमत विचारा, आकार विचारा, किती वेळ लागेल ते विचारा, आणि ज्याच्यासमोर ईझल आणि स्वतःची काढलेली चित्रं मांडलेली आहेत त्याच्याकडेच बसा. वही हातात घेऊन गल्लीत मागे लागणारे परवानावाले नसतात. आईचं पोर्ट्रेट आम्ही एका वयस्कर बाईंकडून काढून घेतलं, चाळीस मिनिटं लागली, आज ते नाशिकच्या हॉलमध्ये आहे आणि नाकातली चमकी त्यात बरोब्बर आलीय.

चौकातच सँ-पिएर हे छोटं चर्च, ११४७ मध्ये अभिषेक झालेलं, साक्रे-करपेक्षा सात शतकं जुनं, आत रोमन काळातले खांब आहेत. आणि तरी शेजारची गर्दी इथे शिरत नाही.

जेवायला मात्र या चौकात बसू नका. मी पहिल्या वर्षी बसले होते, एका हॉटेलात, कांद्याचं सूप मागवलं, वरचं चीज रबरासारखं आणि खाली कोमट खारट पाणी, बिल बघून घशाला कोरड पडली होती.

म्युझियम, आणि सुझान

रू कोर्तो १२, म्युझे द मोंमार्त्र, सकाळी दहाला उघडतं. एकच तिकीट काढायचं असेल तर हे काढा. १८७६ मध्ये चित्रकार रेनुआरचा स्टुडिओ या जागेत होता आणि इथूनच जाऊन त्याने मुलँ द ला गालेत या नाचाच्या ठिकाणाचं मोठं चित्र रंगवलं, ते आज ऑर्से म्युझियममध्ये आहे, जमलं तर आधी ते बघून या. आत शा न्वार नावाच्या जुन्या कॅबरेची पोस्टरं, सावल्यांच्या खेळाचे पत्रे, जुने फोटो.

पण मी इथे येते ते सुझान व्हालादोंच्या स्टुडिओसाठी. ही बाई धुणं-शिवण करणाऱ्या आईची मुलगी. सर्कशीत कसरती करायची, पडली, मग चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून उभी राहायला लागली, रेनुआर, तुलूझ-लोत्रेक यांच्या चित्रांत ती आहे. आणि उभी असताना बघून बघून स्वतः चित्रं काढायला शिकली. कुठल्या शाळेत गेली नाही. चित्रकार एदगार दगाने तिची ड्रॉइंग्ज विकत घेतली. उत्रिलो हा तिचाच मुलगा. त्या स्टुडिओत मोठ्या काचेतून येणारा उजेड, शेगडी, रंगांचे डाग, हे सगळं परत मांडून ठेवलंय, आणि खिडकीतून खाली तोच द्राक्षमळा दिसतो. दुसऱ्याच्या चित्रासाठी उभं राहता राहता ही बाई चित्रकार झाली. मी तिथे प्रत्येक वेळी जास्त वेळ थांबते. आई तर खुर्चीवरून उठायलाच तयार नव्हती.

दुपारचं जेवण: हे नीट वाचा

बाराला भूक लागतेच आणि बारालाच बसा. इथे दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद, रात्री सात-साडेसातला परत चालू. तीन वाजता जेवायला गेलात तर फक्त टुरिस्टांची हॉटेलं उघडी मिळतात.

हॉटेल कसं निवडायचं? बाहेर उभं राहून कुणी बोलावत असेल तर पुढे चला. मेनूवर फोटो असतील, सहा भाषा असतील, पिझ्झापासून पाएल्यापर्यंत सगळं असेल तर पुढे चला. काळ्या पाटीवर खडूने लिहिलेले आठ-दहा पदार्थ असतील, आत आसपासच्या ऑफिसातली माणसं बसलेली असतील, तर आत शिरा. झाकण म्हणून घराचं छप्पर असलेल्या पातेल्याचं चिन्ह दिसलं तर ते "फे मेझों", म्हणजे पदार्थ तिथेच कच्च्यापासून बनवलाय. चौकापासून पाच मिनिटं उतरून रू कोलँकूर किंवा रू लामार्ककडे गेलं की अशी ठिकाणं मिळतात.

पाटीवर "फॉर्म्युल" किंवा "मनू" लिहिलेलं असतं, म्हणजे दोन किंवा तीन पदार्थ ठरलेल्या भावात, दुपारी हेच परवडतं. "आंत्रे" म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, "प्ला" मुख्य, "देसेर" गोड. "प्ला द्यु जूर" त्या दिवशीचा खास. पाणी मागताना "उन काराफ दो" म्हणा, नळाचं पाणी जगमध्ये येतं, फुकट, आणि पिण्यालायक असतं. नुसतं "वॉटर" म्हटलं की बाटली येते आणि ती बिलात लागते. पावही जेवणासोबत फुकट. सर्व्हिस चार्ज भावात धरलेला असतो, टिप द्यायलाच हवी असं नाही, आवडलं तर एक-दोन युरो ठेवा. बिल मागितल्याशिवाय येत नाही, तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही, "लादिस्यों, सिल व्हू प्ले" म्हणायचं.

आता खायचं काय. कांद्याचं सूप, सूप आ लोन्यों. कांदा लोण्यात मंद आचेवर पाऊण-एक तास परततात, घाई केली तर जळतो आणि कडू होतो, मग मांसाचं पाणी, वर शिळा पाव आणि चीज घालून भट्टीत. शिळी पोळी कुस्करून खाणाऱ्या आपल्या माणसांना यातली गोष्ट लगेच कळेल. चीज वरून करपल्यासारखं तपकिरी आणि खाली पाव सुपाने फुगलेला हवा.

बफ बुर्गिन्यों म्हणजे गायी-बैलाचं चिवट मांस रेड वाइनमध्ये तीन तास शिजवलेलं. कॉक ओ व्हँ तसंच, कोंबड्याचं. कोंफी द कानार म्हणजे बदकाची तंगडी तिच्याच चरबीत मंद शिजवून मुरवलेली, फ्रिज नव्हते तेव्हा मांस टिकवायची ही पद्धत. बाबांनी हेच घेतलं, वरची कातडी पापडासारखी कुरकुरीत आणि आतलं मांस काट्याने सुटतं. ब्लांकेत द व्हो हे वासराचं मांस, पांढऱ्या रश्श्यात. आंदुइएत नावाचं सॉसेज आतड्यांचं असतं, वास उग्र, माहीत असल्याशिवाय मागवू नका. स्टेक तार्तार म्हणजे कच्चं मांस, नाव वाचून भाजलेलं असेल असं समजू नका.

बीफ खात नसाल तर "बफ" आणि "व्हो" हे दोन शब्द लक्षात ठेवा, पोर्क खात नसाल तर "पोर", "जांबों" आणि "लार्दों". लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, आणि ते सॅलडमध्ये, कीशमध्ये (अंडं-क्रीम घातलेली खारी टार्ट) कुठेही लपलेले असतात.

शाकाहारींनो, कांद्याच्या सुपात बहुतेक वेळा बीफचंच पाणी असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. कोंते, रोकफोर, ब्री द मो ही चीजं जनावराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, घालून बनवतात, चालतं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मूस, पान्नाकोता अशा गोडात कधी जिलेटिन असतं. आणि "व्हेजेतारिएन" (पुरुषाने "व्हेजेतारियँ") म्हटल्यावर मासे चालतील असं काहींना वाटतं, म्हणून "सां व्हियांद, सां प्वासों" असं जोडूनच सांगा, मांसही नको, मासेही नकोत. आईने काय खाल्लं ते सांगते: पोआरो व्हिनेग्रेत, म्हणजे उकडलेला लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) मोहरीच्या आंबट सॉसमध्ये, याला इथे गरिबांचं ॲस्परॅगस म्हणतात, आणि मग साधं ऑम्लेट, मधे ओलसर राहिलेलं, सोबत हिरवं सॅलड. ओलं नको असेल तर "बियँ क्वी" सांगा. अंडं खाणाऱ्यांना एफ मायोनेझही आहे, उकडलेली अंडी आणि घरचं मेयोनीज, इतकं साधं की आपण मागवत नाही, आणि मागवावं. ब्रेतान्यची काळसर गालेत, बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाची, आंबोळीची पातळ बहीण म्हणा, "सां जांबों" सांगून चीज-अंड्याची घेता येते.

गोडात तार्त तातँ सोडू नका, सफरचंदं साखर-लोण्यात शिजवून उलटी केलेली.

पोट भरल्यावर उतार

रू नोर्व्हँने उतरा. कोपऱ्यावर भिंतीतून अर्धा बाहेर आलेला ब्राँझचा माणूस दिसेल. पुढे दोन पवनचक्क्या, रादे आणि ब्ल्युत-फँ, डझनभर तरी चक्क्यांपैकी एवढ्याच उरल्यात. मुलँ म्हणजे चक्की, आणि इथली गालेत म्हणजे तेव्हा चक्कीत मिळणारा छोटा पाव, दुधाबरोबर खायचे, त्यावरून मुलँ द ला गालेत.

मग रू दोर्शांने प्लास एमिल-गुदोला या, झाडं, बाक, आणि एक साधं दार, बातो-लाव्वार. १९०४ ते १९०९ पिकासो इथे राहिला, सगळ्या इमारतीला पाण्याचा एकच नळ, हिवाळ्यात कपातला चहा गोठायचा असं सांगतात. १९०७ मध्ये त्याने इथेच आव्हिन्योंच्या तरुणींचं चित्र काढलं, ज्याने चित्रकलेची वाटच बदलली. १९७० मध्ये आगीत सगळं गेलं, दर्शनी भागच तेवढा वाचला, मागे नवीन स्टुडिओ बांधलेत आणि आजही तिथे चित्रकार काम करतात. आत जाता येत नाही. खिडकीत फोटो लावलेत, ते वाचा आणि बाकावर बसा.

खाली प्लास दे आबेस. मेट्रोचं काचेच्या छताचं दार एक्तोर गिमारचं, आणि हे स्टेशन पॅरिसमधलं सगळ्यात खोल, ३६ मीटर, गोल जिना चढायची हौस करू नका. तिथल्या बगिच्यात निळ्या फरशांची भिंत आहे, तिच्यावर "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे अडीचशे भाषांत लिहिलंय.

तिथून दोन मिनिटांवर रू इव्हॉन-ल-ताक. इथे संत दनीचा शिरच्छेद झाला अशी परंपरा आहे, आणि टेकडीचं नाव हुतात्म्यांची टेकडी असं त्यावरूनच सांगतात. पण आपल्यासाठी दुसरी गोष्ट आहे. १५ ऑगस्ट १५३४ ला इथल्या चॅपेलमध्ये इग्नेशियस लोयोला आणि त्याच्या सहा मित्रांनी शपथ घेतली, जिच्यातून पुढे जेझुइट संघ उभा राहिला. त्या सहा जणांत फ्रान्सिस झेवियर होता, तेव्हा पॅरिसमध्ये शिकलेला तरुण. १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला, आज त्याचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझूमध्ये आहे. मूळ चॅपेल क्रांतीत पाडलं गेलं, आत्ताचं नंतरचं आहे आणि ठराविक वेळीच उघडतं. बाबा गोव्याला त्या चर्चमध्ये तीन-चारदा जाऊन आलेत, ते बंद दारासमोर बराच वेळ उभे राहिले.

शेवटी रू लपिक. ५४ नंबरच्या घरात १८८६ ते १८८८ व्हॅन गॉग भावाकडे राहिला, पाटी आहे. खालच्या टोकाला फळं, मासे, चीज यांची दुकानं, आणि अगदी तळाशी मुलँ रूज, बाहेरून बघा, पुरे.

रात्रीच्या जेवणाला जास्त खर्च नको असेल तर बुलवार द क्लिशीवर बुयों पिगाल. बुयों म्हणजे रस्सा, आणि १८५५ मध्ये द्युव्हाल नावाच्या खाटकाने बाजारातल्या कामगारांना स्वस्तात गरम रस्सा-मांस द्यायला सुरू केलेली ही हॉटेलांची पद्धत, पिगालचं २०१७ मध्ये उघडलं. साडेसहाला गेलात तर रांग कमी, आठला गेलात तर लांब.

आणि पाऊस आला तर बेत रद्द करू नका. साक्रे-करचा दगड पाण्याने भिजला की त्यातून चुन्यासारखं पांढरं बाहेर येतं, म्हणून शंभर वर्षांनीही ते पांढरं आहे. आम्ही संध्याकाळी पावसात परत एकदा वर गेलो, बाबा बसने, चौकात चित्रकार ईझल आवरत होते, पायऱ्यांवर कुणी नव्हतं, आणि आईने ओढणीखाली धरलेला पाव अजून कोमट होता.